उल्का मोजायची बटणं

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर लिहिणारा प्रत्येक जण आधी शपथ घेतो, की हे खरं आहे. अशा शपथा वाचून मी नेहमी हसत आले. आता माझ्यावर ती वेळ आली आहे, तर शपथ घ्यावीशी वाटत नाही.

हे घडलं, एवढंच सांगते. मी तिथे होते. माझ्यापासून हातभर अंतरावर घडलं.

रात्र गेल्या डिसेंबरातली, महिन्याच्या मध्यावरची. चंद्र नव्हता. जागा आमच्या घराची गच्ची.

भयकथेत असतं तसं काहीच नव्हतं तिथे. वारा नाही, कुत्री नाहीत. आकाश स्वच्छ होतं. फार सुंदर होतं.

माझे बाबा वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरी उजेड पोचवला आणि स्वतः जीव लावला तो अंधाराला. त्यांना उल्का बघायचं वेड होतं. दर वर्षीचे उल्कावर्षाव त्यांना नातेवाइकांसारखे ठाऊक होते.

"जानेवारीतला घाईत येतो आणि चहा न घेता जातो," ते सांगायचे. "एप्रिलमधला चिक्कू. ऑगस्टमधला, ययाती तारकासमूहातला, दिलदार, पण नेमका ढगांना सोबत घेऊन येतो. नोव्हेंबरमधला सिंहेतला लहरी, वर्षानुवर्षं तोंड दाखवणार नाही आणि एखाद्या वर्षी घर भरून टाकेल. खरा भरवशाचा म्हणजे डिसेंबरमधला, मिथुनेतला."

मग आईकडे बघून म्हणायचे, "हिच्यासारखा. सांगितल्या वेळी हजर."

"आणि बघता बघता जळून खाक," आई म्हणायची.

आम्ही सगळे हसायचो.

गच्चीवर नियम त्यांचे. सगळ्यात मोठा नियम दिव्याचा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि क्षणभर जरी दिवा लागला तरी ती वीस मिनिटं पाण्यात. म्हणून काडी ओढायची नाही, बॅटरी नाही, फोन नाही. वर्षावाच्या रात्री ते उपकेंद्रातल्या जुन्या मित्राला फोन करून आमच्या गल्लीतले रस्त्यावरचे दिवेसुद्धा बंद करून घेत. निवृत्त झाल्यावरही. शेजारीपाजारी बोटं मोडायचे. बाबांना पर्वा नव्हती.

जिन्याच्या आणि गच्चीच्या दिव्यांचं एकच बटण होतं. ते पूर्वी जिन्याच्या तोंडाशी होतं. बाबांनी ते स्वतः काढून आपल्या आरामखुर्चीशेजारी, कठड्यावर बसवलं. म्हणजे दुसऱ्या कुणाचा चुकून हात लागायला नको.

हे बटण लक्षात ठेवा. बसल्या जागेवरून हात लांब केला की लागायचं ते.

अंधारात मोजणी लिहून ठेवता येत नाही. त्यावर आईने उपाय काढला होता. ती घरी शिवणकाम करायची. तिच्याकडे पत्र्याचा डबा होता, बटणांनी भरलेला. बाबांना उल्का दिसली की ते म्हणायचे, "गेली." आई डब्यातून एक बटण काढून शेजारच्या रिकाम्या डब्यात टाकायची. फिकी उल्का असेल तर शर्टाचं, बारीक.

टिक्.

तेजस्वी असेल तर कोटाचं, जाड.

ठक्.

आणि टाकलं की म्हणायची, "हं." म्हणजे मोजली, पुढे चला.

मोजणाऱ्याने वर बघायचं नाही, हाही एक नियम. वर बघितलं की मोह होतो, आपल्या उल्का मिसळतात, आकडा बिघडतो. म्हणून आईचं स्टूल पाण्याच्या टाकीच्या आडोशाला असायचं. तिथून आकाश दिसत नाही.

लग्न झाल्यापासून आई दर वर्षी मोजत होती.

तिने एकही उल्का बघितलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ती मध्येच उठली. थर्मासमधला चहा संपला होता, तो भरून आणायला. अंधारात जिना उतरताना पडली.

मी तेव्हा दुसऱ्या शहरात राहत होते. सकाळी बाबांचा फोन आला. "तुझी आई जिन्यावरून पडली," ते म्हणाले. नंतर थोडं थांबून, "गेली," म्हणाले.

अगदी त्याच सुरात.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

"पडल्यावर त्या लगेच नाही गेल्या."

"म्हणजे?"

"बराच वेळ होता. काही तास. शुद्धीतही असाव्यात. नखांमध्ये चुना आहे... त्यांनी सरकायचा प्रयत्न केलेला दिसतो."

आई मधल्या वळणावर पडली होती. सापडली ती दोन पायऱ्या वर.

खाली घराचं दार होतं, रस्ता होता, शेजारी होते. ती वर सरकली होती. त्यांच्याकडे.

बाबांचं म्हणणं एकच. "मला काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, कंटाळून खाली जाऊन झोपली."

त्याच संध्याकाळी मी त्यांना फोनवर मित्राशी बोलताना ऐकलं. त्यांनी रात्रीचा आकडा सांगितला. वर म्हणाले, "आकाश अप्रतिम होतं रे. शेवटी शेवटी मात्र मोजणी पण मलाच करावी लागली."

मी वर्षभर गप्प राहिले. पण एकच गोष्ट मनातून हलेना. त्यांना ऐकू आलं होतं का?

बाकी सगळं मी माफ केलं असतं. अंधार, नियम, वेड, सगळं. एवढंच कळायला हवं होतं.

पुढच्या डिसेंबरात मी मुद्दाम घरी गेले. आत्या आली होती, बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून तीच बाबांचं बघत होती. तिचं तोंड दिवसभर चालू असतं, आणि आमच्या घरात त्याची फार गरज होती.

दुपारी बाबा झोपले होते. मी आत्याला गच्चीवर नेलं आणि बाबांच्या आरामखुर्चीत बसवलं.

"डोळे मीट आणि बस," मी म्हटलं.

"फोटो काढतेस की काय माझा, ठमे? आधी केस विंचरू दे."

मी जिन्यात गेले. आईचा थर्मास घरात होता, एका अंगाने चेपलेला. मी तो वरच्या पायरीवरून सोडला.

आत्या किंचाळतच उठली. "अगं ए भवाने! केवढा तो आवाज! मेलेलं माणूस उठेल!"

मग तिच्या लक्षात आलं. ती परत खुर्चीत बसली. माझ्याकडे बघेना.

"वर लक्ष असलं की त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून तसाच आहे तो."

"खरं सांगतेस?"

"ठमे, त्याला एकच बहीण आहे. मला दुसरं काय सांगता येणार?"

रात्री बाबांनी मित्राला फोन केला. गल्ली विझली.

आईचं स्टूल बाबांनीच टाकीच्या आडोशाला ठेवलं. त्यावर दोन्ही डबे ठेवले, एक भरलेला, एक रिकामा.

"तू मोज या खेपेला," मला म्हणाले.

"मी नाही मोजणार, बाबा. मी नुसती बसते."

"नुसतं बसून काय करणार?"

"वर बघणार."

त्यांना ते आवडलं नाही. आत्या थोडा वेळ शाल लपेटून बसली, दोन उल्का बघितल्या, म्हणाली, "झालं, आता तिसरी पण अशीच असणार ना?" आणि भिंत चाचपडत खाली झोपायला गेली.

मी स्टुलापासून हातभर अंतरावर, कठड्याला पाठ लावून खाली बसले. दोन्ही हात शालीत. मनात वाक्य जुळवत होते. बाबा, त्या रात्री तुम्हाला... उजेडात त्यांना हे विचारता आलं नसतं. ते चिडले असते, उठून गेले असते. अंधारात माणूस खरं बोलतो, असं मला वाटत होतं.

हळूहळू डोळे सरावले. तारे एकावर एक चढत गेले.

"गेली," बाबा म्हणाले.

मीही बघितली. बारीकशी, फिकी.

टिक्.

"शाबास," बाबा म्हणाले. "करते आहेस ना शेवटी?"

माझे हात शालीत होते...

मी मान वळवली. स्टुलावर कुणी नव्हतं. अंधारात दोन डब्यांच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. थंडीने पत्रा वाजतो कधी कधी. मी स्वतःला तेच सांगितलं.

"गेली! काय सुरेख होती. मोठं टाक."

ठक्.

आणि मग...

"हं."

बाबांनी मान हलवली असावी. खुर्ची कुरकुरली. त्यांना वाटलं, मीच.

मी तो आवाज ओळखला. ओळखणार कशी नाही? तापात कपाळावर हात पडला की तो "हं" म्हणायचा. परीक्षेचा निकाल सांगितला की "हं" म्हणायचा. या आवाजासाठी मी वर्षभर रोज रडले होते.

आणि तो हातभर अंतरावर आला, तेव्हा मला हलता येईना. आनंद झाला नाही. खोटं कशाला लिहू?

भीती वाटली, आईची.

बाबा पुकारत राहिले. टिक्. टिक्. ठक्. "हं." बाबा खुशीत होते. वर्षभरात त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं मी.

मग क्रम बदलला.

टिक्.

बाबा काही बोलले नव्हते.

माझ्या डोळ्यांसमोरून एक उल्का सरकन गेली. बाबांच्या अगदी समोरून.

"काय गं? मी कुठे म्हटलं?"

ठक्.

अर्धं आकाश उजळून एक खाली आली. तिच्या मागे धुराची रेघ राहिली. गच्चीवर क्षणभर सावल्या पडल्या. बाबांची, खुर्चीची, माझी.

आणि स्टुलापाशी आणखी एक.

"उगाच टाकू नकोस!" बाबा ओरडले. "दिसल्याशिवाय मोजायची नाही! आकडा बिघडवशील सगळा!"

ठक्. ठक्. टिक्. ठक्.

आकाशातून उल्का ओघळत होत्या. मी तसं आकाश पुन्हा बघितलं नाही. आणि बाबा खुर्चीत पुढे झुकून डोळे चोळत होते.

"ढग आले का?" त्यांनी विचारलं.

ढग नव्हते, पण मी ते सांगितलं नाही. आज खरं सांगायचं तर... मला सांगायचंच नव्हतं.

स्टूल सरकलं.

चपला वाजल्या. आईच्या उजव्या चपलेचा तळ सुटलेला होता, चालताना फटक् वाजायचा. ती चप्पल आम्ही टाकून दिली होती.

फटक्... फटक्... माझ्या पायांजवळून. जिन्याकडे.

मग काहीच नाही.

मग ते झालं. अंग आपटल्याचा आवाज. आणि थर्मास, पायरी... पायरी... पायरी... वळणावर एकदा भिंतीला लागून... आणि पुन्हा पायरी. थर्मास खाली स्वयंपाकघरात होता. मी स्वतः ठेवला होता फडताळात.

मी बाबांकडे बघत होते. ताऱ्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा राखाडी दिसत होता. वर वळलेला. ते दचकले नाहीत.

जिन्यातून आवाज आला. दमलेला, जरासा ओशाळलेला. कुणाला त्रास द्यायला नको, अशा बेताचा.

"अहो... जरा दिवा लावता का? पडले मी..."

आणि बाबांनी उत्तर दिलं.

विचार न करता. मान न वळवता. रोज शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य म्हणावं, तसं.

"दिवा नको. आत्ता कुठे डोळे सरावलेत. वीस मिनिटं फुकट जातील."

"पाय उचलत नाहीये हो..."

"थांब जरा. हा भर ओसरू दे."

"अहो..."

"थांब म्हटलं ना!"

मग जिन्यात खरवडल्यासारखा आवाज आला. भिंतीवर नखं. एकदा. खूप वेळाने पुन्हा एकदा.

मग तोही थांबला.

मला जे विचारायचं होतं, ते मी विचारलंच नाही. गरज उरली नव्हती. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी उत्तर दिलं होतं. त्या रात्रीही हेच आणि असंच, शब्दाला शब्द.

बाबांना बोलून गेल्यावर कळलं. त्यांचा श्वास बदलला.

"कोण बोललं आत्ता?" त्यांनी विचारलं. "कोण आहे तिथे?"

मग तेच म्हणाले, "दिवा... दिवा लावतो."

हात लांब केला. बसल्या जागेवरून. बटण लागलं.

खट्.

उजेडाने माझे डोळे दिपले. गच्ची लख्ख झाली. जिनाही. वरच्या पायऱ्या दिसत होत्या, कोरड्या, मोकळ्या. स्टूल रिकामं. भरलेला डबा आता रिकामा होता आणि रिकामा शिगोशीग भरला होता.

बाबांनी बटण पुन्हा दाबलं. अंधार. पुन्हा. उजेड.

खट्. खट्. खट्.

"बल्ब गेला वाटतं," ते म्हणाले.

दिवा त्यांच्या डोक्यावरच होता. त्यांचे डोळे सताड उघडे होते आणि त्यात तो दिवा दोनदा दिसत होता, प्रत्येक डोळ्यात एक.

"अगं, तू तरी लाव ना कुठलातरी दिवा."

"लागलाय, बाबा."

"थट्टा करू नकोस. लाव."

आत्या धावत वर आली. "काय दिव्यांचा खेळ मांडलाय रे दादा? आणि जिन्यात काय पडलं?"

तिनेही ऐकलं होतं. एवढीच माझी साक्ष.

त्यानंतर आम्ही डोळ्यांचे तीन डॉक्टर केले. तिघांचं म्हणणं एकच, डोळ्यांत काही दोष नाही. बाहुल्या उजेडाला आकसतात. नसा धडधाकट आहेत. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांना दिसायला हवं. का दिसत नाही, ते मला सांगता येत नाही."

घर बंद केलं. बटणं आत्याने घेतली, गोधड्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना लावून संपवली. रिकामे डबे भंगारात गेले. हे मी मुद्दाम सांगते आहे.

बाबा आता माझ्याकडे असतात. मी त्यांना वेळेवर जेवू घालते, औषधं देते, त्यांची नखं कापते. बाहेरचे लोक म्हणतात, लेक असावी तर अशी.

ते दिवसभर एकच विचारतात. "दिवा लावलास का गं?"

सुरुवातीला मी सांगायची, दिवस आहे बाबा, ऊन आलंय खोलीत. त्यांना पटायचं नाही. ते रडायचे. मला त्यांचं रडणं बघवत नसे.

मग एकदा, ऑगस्टात, त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"वीस मिनिटं थांबा, बाबा. सरावतील डोळे."

त्यांचा चेहरा पांढरा पडला.

आणि खोलीच्या कोपऱ्यातून...

टिक्.

"हं."

मी कोपरा शोधला. कपाट सरकवलं. काही नव्हतं. घरात डबा नाही, बटणं नाहीत. आता माझ्या शर्टांनाही मी चेन लावून घेतल्या आहेत.

पण ते वाक्य मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी टिक्. आधी मला वाटलं, आईला ते आवडतंय. ती माझ्या बाजूने आहे. मी तिच्यासाठीच म्हणते आहे, असंही वाटायचं.

हल्ली तसं वाटत नाही. आईने कधीच कुणाची बाजू घेतली नाही. ती फक्त मोजायची.

काल संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते. न्हाणीघरात काहीतरी आपटलं. मग बाबांचा आवाज आला. दमलेला, जरासा ओशाळलेला.

"अगं... येतेस का जरा? पडलो मी..."

मला ऐकू आलं होतं.

मी हातातलं पान संपवलं. पुढचंही. मग "थांबा, आले," म्हटलं, आणि आणखी एक पान उलटलं.

बाबांना फार लागलेलं नाही. आत्ता शेजारच्या खोलीत झोपले आहेत. पुढच्या आठवड्यात मिथुनेतला वर्षाव आहे. खिडकीचे पडदे मी आजपासूनच ओढून ठेवले आहेत.

पण ते पान उलटताना माझ्या अगदी कानाशी बटण पडलं. इतके दिवस पडत होती, ती सगळी बारीक होती.

हे शर्टाचं नव्हतं. कोटाचं होतं.